मुरगाव बंदर आणि पाळीचा नदीकाठ

डिचोली तालुक्यातील पाळी हे गाव समुद्रापासून बरेच आत, मांडवीच्या काठी वसलेले आहे. अशा गावाचा बंदराशी संबंध तो काय, असे आमच्या पुष्कळ वाचकांस वाटेल. परंतु मुरगावच्या धक्क्याला बोटी लागेनाशा झाल्या, की पाळी, वेळगे, सुर्ला या गावांतील दुकानदाराची उधारीची वही जाड होऊ लागते. हा संबंध नदीने जोडलेला आहे, आणि त्याविषयीच आज आम्ही चार शब्द लिहीत आहोत.

डोंगरातून निघालेले लोहखनिज ट्रकांत भरावयाचे, काही मैलांवरील नदीच्या धक्क्यावर नेऊन ओतावयाचे, तेथून ते बार्जमध्ये चढवावयाचे आणि भरती-ओहोटी पाहून मांडवीतून खाली सोडावयाचे, अशी ही पद्धत आहे. पूर्वी पाट्या डोक्यावर घेऊन मजूर होड्या भरीत; पुढे यंत्रे आली आणि होड्यांच्या जागी लोखंडी बार्ज आले. पावसाळ्यात आग्वादच्या मुखाशी वाळूचा दांडा आणि खवळलेला समुद्र यांमुळे मांडवीची वाट बंद होते. तेव्हा बार्ज कुंभारजुव्याच्या खाडीतून जुवारी नदीत उतरतात व तेथून मुरगाव गाठतात. (याच खाडीत मगरी आहेत व आता त्या पाहावयास पर्यटक जातात; तांडेलांना मात्र त्यांचे कौतुक पूर्वीही नव्हते.) दोन नद्या, त्यांना आतल्या आत जोडणारी खाडी आणि मुखाशी बारमाही खोल बंदर, अशी सोय निसर्गाने फार थोड्या प्रांतांना दिली आहे.

बंदराचा इतिहास सव्वाशे वर्षांहून जुना आहे. १८७८ साली इंग्रज व पोर्तुगीज यांच्यात तह झाला, त्यानंतर इंग्रजी भांडवलाच्या कंपनीने मुरगावचे बंदर व लोहमार्ग बांधण्याचे काम हाती घेतले, आणि १८८८ साली गाडी घाटमाथ्यावरील कॅसलरॉकपर्यंत पोहोचली. दख्खनचा माल या वाटेने समुद्राला मिळावा हा हेतू होता. तो व्हावा तितका सफळ झाला नाही. बंदराला खरे बळ आले ते दुसऱ्या महायुद्धानंतर, जपानच्या पोलाद कारखान्यांना गोव्याचे खनिज हवे झाले तेव्हा. गोवा मुक्त झाल्यावर १९६३ साली मुरगावची गणना देशाच्या प्रमुख बंदरांत झाली. पुढे चीनची मागणी वाढली आणि २०१०-११ साली या बंदरातून सुमारे ५ कोटी टन मालाची ने-आण झाली.

त्यानंतर काय घडले ते खाणपट्ट्यातील प्रत्येक घराला तोंडपाठ आहे. २०१२ साली खाणी बंद पडल्या. २०१३-१४ साली बंदरातील एकूण मालवाहतूक सव्वा कोटी टनही नव्हती. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने वर्षाला २ कोटी टनांची मर्यादा घालून बंदी उठविली. परंतु २०१८ च्या फेब्रुवारीत त्याच न्यायालयाने ८८ पट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले व मार्चमध्ये पुन्हा सर्व थांबले. बँकेचे कर्ज काढून घेतलेले ट्रक अंगणात उभे राहिले, बार्ज नदीत नांगर टाकून गंजू लागले. त्यांतील तांडेल, खलाशी, गॅरेजवाला, चहाची टपरी चालविणारी बाई, यांपैकी कोणीही कायदा मोडला नव्हता. तो ज्यांनी मोडला त्यांच्याविषयी आम्हांला सहानुभूती नाही. शेतात उतरलेली लाल माती आणि आटलेल्या विहिरी आम्ही विसरलेलो नाही. पण नियमभंगाची शिक्षा सर्वांत अधिक त्यांनाच भोगावी लागली, ज्यांच्या हाती सुकाणू होते तेवढेच, सही करण्याचा अधिकार नव्हता.

२०२४ साली डिचोली तालुक्यात लिलावाने दिलेला पहिला खाणपट्टा सुरू झाला. आता पुन्हा माल हलू लागताना एक गोष्ट आग्रहाने मागावयास हवी: माल रस्त्याने कमीत कमी व नदीने अधिकाधिक जावा. दोन हजार टनांचा एक बार्ज रस्त्यावरून दहा टनांच्या दोनशे ट्रकांच्या खेपा कमी करतो. शाळेला जाणारी मुले ज्या रस्त्याने चालतात, त्या रस्त्यावरून दोनशे खेपा कमी होणे म्हणजे काय, हे खाणपट्ट्यातील मातांना समजावून सांगण्याची गरज नाही.

बंदराची बाजू घेताना कोळशाविषयी मौन पाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. खनिज थांबले तशी कोळशावरील भिस्त वाढली व वास्कोच्या घराघरांत काळी धूळ बसू लागली. २०१७ च्या जनसुनावण्यांत लोकांनी आपले म्हणणे ठणकावून मांडले, आणि १ नोव्हेंबर २०२० रोजी, सर्व संतांच्या सणाच्या रात्री, चांदर येथे हजारो माणसे रेल्वेमार्गाच्या दुपदरीकरणाविरुद्ध रुळांवर जमली. ती माणसे बंदराची शत्रू आहेत असे जे म्हणतात, त्यांचे म्हणणे आम्हांला मान्य नाही. बंदर असावे की नसावे हा वाद नाहीच. बंदराने कोणता माल आणावा व तो उघडा आणावा की झाकून, हा वाद आहे. ज्या बंदराचे पोट एकाच मालावर भरते त्याची गत आपण २०१२ साली पाहिली. एका धुळीच्या जागी दुसरी आणून तिच्यावर विसंबणे हा त्यावरचा उपाय नव्हे. खताचा कच्चा माल, धान्य, लाकूड, पोलाद, पेट्यांतून येणारा व्यापारी माल, प्रवासी बोटी, अशी नाना तऱ्हेची रहदारी मुरगावला वाढली पाहिजे.

आणि त्यातील काही माल नदीने आत का येऊ नये? युरोपात ऱ्हाईन नदीवरून रॉटरडॅम बंदराचा माल बार्जने जर्मनीच्या आतील शहरांपर्यंत जातो. आपल्याकडे २०१६ च्या कायद्याने मांडवी, जुवारी व कुंभारजुव्याची खाडी हे तिन्ही राष्ट्रीय जलमार्ग ठरले. पैकी मांडवीचा ४१ किलोमीटरचा मार्ग उसगावच्या पुलापासून, म्हणजे पाळीच्या उंबरठ्यापासूनच धरला आहे. मात्र कायद्याच्या कागदावर बार्ज तरंगत नाहीत. त्यासाठी गाळ उपसावयास हवा, सिमेंट-खताची पोती उतरविता येतील असे धक्के हवेत, बार्ज चालविण्याचे रीतसर शिक्षण घेतलेले तरुण हवेत. गोव्याच्या घराघरांतून मुले परदेशी बोटींवर जातात. त्यांच्यातील काहींना घरच्या नदीवर काम मिळावे ही अपेक्षा अवाजवी नाही.

ग्रामसभेत खाणीचा विषय निघाला की धूळ, पाणी व नुकसानभरपाई यांवर बोलणे होते, आणि ते झालेच पाहिजे. त्याच सभेत नदीच्या धक्क्याविषयी व गाळाविषयी ठराव मांडावयास कोणाची हरकत नाही. पंचायतीने तो बंदर प्राधिकरणाकडे व राज्याच्या बंदर खात्याकडे लेखी पाठवावा आणि पोच घ्यावी.