वारंवार आजारी पडणारे मूल : मदत कोठे मिळेल?



पाऊस सुरू झाला की मुलांना सर्दी-खोकला व्हायचाच. चार दिवसांत ती पुन्हा अंगणात खेळू लागतात. पण एखादे मूल एका दुखण्यातून उठते न उठते तोच दुसऱ्यात सापडते. मग दृष्ट काढली जाते, आईच्या दुधाला नावे ठेवली जातात. खरे कारण निराळे असू शकते. काही मुलांत रोगजंतूंशी झुंजणारी शक्तीच जन्मतः अपुरी असते. डॉक्टर याला ‘प्रायमरी इम्यून डेफिशियन्सी’ म्हणतात. हा विकार स्पर्शाने पसरत नाही आणि तो एड्स नव्हे. १९५२ साली अमेरिकेत डॉ. ब्रुटन यांनी आठ वर्षांच्या एका मुलात तो प्रथम ओळखला आणि रक्तात नसलेले प्रतिकारक द्रव्य टोचून त्याला सावरले.

संशय केव्हा घ्यावा?

१. वर्षात दोन किंवा अधिक वेळा न्यूमोनिया होणे.
२. वर्षात चार किंवा अधिक वेळा कान फुटणे.
३. दोन महिने अँटिबायोटिक घेऊनही गुण न येणे.
४. वजन न वाढणे, वारंवार खोल गळवे होणे, तोंडातील पांढरा थर न जाणे.
५. घरात पूर्वी तान्ही मुले, विशेषतः मुलगे, जंतुसंसर्गाने दगावलेली असणे.

पाचवी गोष्ट लागू असेल तर नव्या बाळाला बीसीजी टोचण्यापूर्वी डॉक्टरांना अवश्य सांगा. या लशीत जिवंत जंतू असतात आणि अशा बाळाला त्या घातक ठरू शकतात. इतरांनी मात्र लसी वेळेवरच टोचून घ्याव्यात.

कोठे जावे?

पेडणे किंवा डिचोलीच्या आरोग्य केंद्रातून चिठ्ठी घेऊन बांबोळीला गोमेकॉच्या बालरोग विभागात जावे. पांढऱ्या पेशींची मोजणी व इम्युनोग्लोब्युलिनची तपासणी करता येईल का, असे स्पष्ट विचारावे. जुने कागद, एक्स-रे व औषधांच्या चिठ्ठ्या तारखेप्रमाणे एका फाइलीत लावाव्यात. पुढील तपासणीसाठी मुंबईत परळला केईएमच्या आवारात ‘नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी’ ही सरकारी संस्था आहे. वाडिया मुलांचे इस्पितळही तेथून जवळच आहे. पेडणे व थिवी स्थानकांवरून कोकण रेल्वेने मुंबईला जाता येते.

काही मुलांना दर तीन-चार आठवड्यांनी इम्युनोग्लोब्युलिन द्यावे लागते, तर काहींना अस्थिमज्जा रोपण करावे लागते. दोन्ही उपचार महाग आहेत. २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मीळ रोग धोरणात या विकाराचे काही प्रकार आहेत. त्यासाठी ५० लाख रुपयांपर्यंत साह्याची तरतूद २०२२ मध्ये झाली. केईएम हे त्याचे एक मान्य केंद्र आहे. ‘गोवा मेडिक्लेम’विषयीही चौकशी करावी. रुग्णांच्या कुटुंबांची ‘इंडियन पेशंट्स सोसायटी फॉर प्रायमरी इम्युनोडेफिशियन्सी’ ही संघटना आहे. त्याच वाटेने गेलेल्या आईबापांशी बोलल्याने धीर येतो.

घरी व शेतावर

पिण्याचे पाणी व दूध उकळूनच द्यावे. कुजका पाला, जुना पेंढा व शेणखत हलवताना बुरशीची धूळ उडते. या विकाराच्या एका प्रकारात तिच्यामुळे जिवावर बेतणारा न्यूमोनिया होतो. म्हणून मळणीच्या खळ्यावर व खताच्या खड्ड्याजवळ अशा मुलाला नेऊ नये.

शेजाऱ्यांनाही करण्यासारखे आहे. इम्युनोग्लोब्युलिन कारखान्यात तयार करता येत नाही, ते हजारो रक्तदात्यांच्या रक्तद्रवातून मिळते. आपण रक्तदान करावे. आणि सर्वांत आधी, त्या आईला दोष देणे थांबवावे.