आईच्या गरम वाफा आणि शतावरीचा डबा

आजचा विषय ऐकून मित्र म्हणाला, "तू कोड लिही बाबा, हे बायकांचं तुला कशाला?" कशाला, ते सांगतो.

आम्ही सुप्याचे. मागच्या वर्षी भर थंडीत आई रात्री दोन-तीनदा उठायची आणि दार उघडून ओट्यावर बसायची. विचारलं की म्हणायची, "काही नाही, झोप तू." शेवटी मावशीकडून कळलं, आईची पाळी जाऊन दीड वर्ष झालंय आणि अंगातून वाफा येतात.

हे का होतं? मेंदूत शरीराचं तापमान सांभाळणारी एक जागा असते, आपल्या गिझरच्या थर्मोस्टॅटसारखी. इस्ट्रोजेन कमी झालं की ती फार हळवी होते. जरा तापमान वाढलं की लगेच चेहरा लाल, घामाच्या धारा. सलग १२ महिने पाळी आली नाही, की रजोनिवृत्ती झाली असं धरतात.

आता घरगुती उपाय. आईचे तीन होते: दुधातून शतावरी कल्प, जवसाची चटणी आणि रात्री भिजवलेल्या धन्याचं पाणी. जवस आणि सोयाबीनमध्ये इस्ट्रोजेनशी थोडे मिळतेजुळते घटक असतात. खायला दोन्ही चांगले, पण त्यांनी वाफा थांबतात असा ठोस पुरावा नाही. आणि गंमत म्हणजे, अभ्यासांमध्ये नुसती खोटी गोळी घेणाऱ्या बायकांच्याही वाफा बऱ्यापैकी कमी होतात. त्यामुळे "मला काढ्याने फरक पडला" हे खरं असलं, तरी तो काढ्यामुळेच पडला असं म्हणता येत नाही. योगासनं, चालणं हे झोपेला, मनाला, हाडांना चांगलंच. वाफांवर मात्र २०२३ च्या अमेरिकन मेनोपॉज तज्ज्ञांच्या शिफारशींत सीबीटी नावाच्या समुपदेशनाला जागा आहे, सोया आणि योगाला नाही.

"झाडपाला आहे, अपाय काय होणार?" हेही तपासा. अश्वगंधेने काहींच्या यकृताला इजा झाल्याची नोंद आहे, थायरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल, तर शतावरीसुद्धा विचारल्याशिवाय नको.

आता खरी गोष्ट. आईला मध्येच दोनदा रक्तस्राव झाला होता. शेजारच्या काकू म्हणाल्या, "उष्णता आहे, शतावरी वाढव." आईने वाढवली. चार महिने गेले. पाळी गेल्यावर एक थेंब जरी दिसला तरी तपासणी करायचीच, हे आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं. कारण कधीकधी ते गर्भाशयाच्या कर्करोगाचं पहिलं लक्षण असतं. सोनोग्राफी झाली, तुकडा तपासला. रिपोर्ट येईपर्यंतचे आठ दिवस मी एक ओळ कोड लिहिला नाही. साधा पॉलिप निघाला, काढला.

जवसाची चटणी अजून चालू आहे, भाकरीबरोबर मस्त लागते. वाफांसाठी डॉक्टरांचे उपचार सुरू आहेत. आणि आई आता रात्री उठली की मला सांगते.

भेटू पुढच्या भागात.