एप्रिलमध्येही न आटणारा झरा

आळंदीत इंद्रायणीवर पांढरा फेस तरंगू लागला की कॅमेरे धावतात, निवेदनं दिली जातात, नोटिसा निघतात. नदीचं एक बरं असतं, तिचं दुखणं चारचौघांना दिसतं. जमिनीखालच्या पाण्यावर फेस धरत नाही. म्हणून पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यात ओढ्याकाठी पाझरणाऱ्या आणि विहिरीच्या तळाशी फुटणाऱ्या झऱ्यांकडे बघायला हवं. चोरून सांडपाणी सोडणाऱ्यांबद्दल बोलायला पुष्कळ जण आहेत. इथे विषय आहे तो रीतसर शुद्ध करून, नियम पाळून सोडलेल्या पाण्याचा.

हे पाणी जातं कुठे? प्रदूषण नियंत्रण मंडळाने कारखान्यांना दिलेल्या अनेक संमतिपत्रांत त्याचं उत्तर एका शब्दात असतं: बागकाम. प्रक्रिया झालेलं पाणी शक्य तेवढं पुन्हा वापरायचं, उरलेलं आवारातल्या हिरवळीला द्यायचं. सांडपाण्यातली सेंद्रिय घाण ‘बीओडी’ने मोजतात. नदीनाल्यात सोडायच्या पाण्याला तिची सर्वसाधारण मर्यादा लिटरला ३० मिलिग्रॅम, तर सिंचनासाठी जमिनीवर सोडायच्या पाण्याला १००. उरलेलं काम माती करील, हा त्यामागचा हिशेब. तो चुकीचा नाही. मातीतले जिवाणू सेंद्रिय घाण खरोखरच फस्त करतात आणि काळ्या मातीतली चिकणमाती तांबं, जस्त, फॉस्फेट धरून ठेवते.

नायट्रेटला मात्र ती अडवत नाही. सांडपाणी प्रक्रिया प्रकल्पाच्या, म्हणजे एसटीपीच्या, टाकीत ब्लोअरने हवा सोडली की मलमूत्रातल्या अमोनियाचं नायट्रेट होतं. प्रकल्प जितका चांगला चालेल, तितकं हे रूपांतर पुरतं. नायट्रेटवर ऋण विद्युतभार असतो, चिकणमातीच्या कणांवरही बहुतांशी ऋणच. त्यामुळे ते कणांना चिकटत नाही आणि पाण्याबरोबर थेट मुरमात उतरतं. क्लोराइडचंही तेच. क्रोम प्लेटिंगच्या कामातलं षटसंयुजी क्रोमियमही याच जातीचं. म्हणून ते आधी त्रिसंयुजी करून गाळात बसवावं लागतं आणि त्या टप्प्यावर हयगय झाली तर माती सावरून घेईलच असं नाही. औषधांची गोष्ट आणखी वेगळी. फिट येणाऱ्या रुग्णांना दिलं जाणारं कार्बामाझेपिन नेहमीच्या एसटीपीतून जवळजवळ जसंच्या तसं बाहेर पडतं. एसटीपीसाठी २०१७ साली आलेल्या केंद्राच्या मानकांत पीएच, बीओडी, तरंगते कण आणि विष्ठेतले जिवाणू आहेत, औषधं नाहीत.

मुरमाखाली बसाल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर ओतत गेलेल्या लाव्हाचा हा खडक चाळणीसारखा पाणी गाळत नाही. शहाबादी फरशीवर बादली उपडी केली तर पाणी फरशीतून झिरपत नाही, सांध्यांतून पसार होतं, इथेही तसंच. विहीर खोदणारे ज्याला मांजऱ्या म्हणतात त्या मऊ, पांढऱ्या ठिपक्यांच्या खडकातल्या भेगांमधून पाणी खाली येतं. खालचा काळा पाषाण लागला की अडतं, त्याच्या पाठीवरून आडवं सरकतं आणि हा सांधा जिथे ओढ्याच्या काठाला किंवा विहिरीच्या भिंतीत उघडा पडतो तिथे झरा होऊन बाहेर येतं.

चाकणची जागा इथे महत्त्वाची ठरते. गाव इंद्रायणी आणि भामा यांच्या मधल्या उंचवट्यावर आहे. दक्षिणेचा उतार निघोजे-कुरुळीकडून इंद्रायणीला, उत्तरेचा भामेला. दोन्ही नद्या पुढे भीमेलाच मिळतात. चाकणजवळच्या भामचंद्र डोंगरावरच्या पाण्याला पायथ्याच्या कारखान्यांच्या हिरवळीची भीती नाही, पाणी चढ चढत नाही. जपायचे ते उतारावरचे झरे.

ते ओळखायचे कसे? पहिली खूण उलटी आहे. पूर्वी होळीनंतर आटणारा झरा एप्रिल-मेमध्येही वाहत असेल, तर गावाला आनंदच होतो. पण पाऊस तोच, खडक तोच, मग हे पाणी कुठलं? ते बंधाऱ्याचं किंवा पाटाचं असू शकतं, गळक्या नळाचंही. पण वरच्या अंगाला रोज पाणी मिळणारी हिरवळ असेल, तर नायट्रेट मोजून घ्यावं. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. पाणी उकळून ते जात नाही. उलट पाणी आटतं तसं दाटतं. मर्यादेहून जास्त नायट्रेटच्या पाण्यात भुकटीचं दूध कालवणं तान्ह्या बाळाला धोक्याचं, कारण त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता घटते.

नायट्रेट खतांतूनही येतं, आणि चाकण तर कांद्याचं. मग दोष शेतकऱ्याचा की एसटीपीचा? इथे शास्त्रज्ञांना चहा उपयोगी पडतो. चहातलं कॅफिन चांगल्या एसटीपीत बहुतेक नष्ट होतं. साखरेऐवजी वापरलं जाणारं सुक्रालोज शरीरातूनही बहुतांशी न बदलता बाहेर पडतं आणि एसटीपीतूनही. झऱ्यात दोन्ही सापडली तर कुठेतरी कच्चं सांडपाणी मिसळतंय. कॅफिन नाही पण सुक्रालोज आहे, तर संशय प्रक्रिया केलेल्या पाण्यावर. कांद्याला कुणी सुक्रालोज घालत नाही.

अमेरिकेत फ्लोरिडामधल्या टॅलाहॅसी शहराने असं प्रक्रिया केलेलं पाणी वर्षानुवर्षं शेतावर फवारलं. २००६ मध्ये तिथे जमिनीखाली सोडलेलं रंगद्रव्य काही आठवड्यांत दूरच्या वाकुला झऱ्यात उतरलं, आणि शहराला नायट्रोजन काढण्यासाठी प्रकल्पावर मोठा खर्च करावा लागला. तिथला खडक चुनखडीचा, पोटात गुहा असलेला. आपल्या बसाल्टमधला प्रवास बहुधा एखाद्या ओढ्याच्या पाणलोटापुरताच, म्हणून घबराटीचं कारण नाही. पण म्हणूनच त्याचा माग काढणंही सोपं.

उपायही फार दूरचे नाहीत. हवा नसलेली एक टाकी वाढवली की तिथले जिवाणू नायट्रेटमधला प्राणवायू वापरतात आणि उरलेला नायट्रोजन हवेत जातो. दुसरा उपाय हिशेबाचा आहे. जुलैत चाकणला हिरवळीला पाण्याची गरज नसते, शिफ्ट मात्र चालूच असतात आणि एसटीपीतून रोज तेवढंच पाणी बाहेर पडतं. तेव्हा संमतिपत्रातलं बागकाम नेमकं कुठे चालतं, आणि ते पाणी साठवायला आवारात टाकी आहे का, हे पावसाळ्यातल्या तपासणीत विचारता येतं.