शिदोरी वाचनाची

गेल्या दिवाळीच्या आधीची गोष्ट. घरात चकल्या तळणे चालले होते आणि शेजारच्या बिऱ्हाडातला एक तरुण आपली कथा घेऊन माझ्यापुढे येऊन बसला. कथा वाईट नव्हती. पण तिचा नायक पहिल्या पानावरच तीन वेळा 'हतबल' झाला होता. मी हळूच विचारले, "अरे, हल्ली वाचतोस काय?"

तो ताठ बसला. म्हणाला, "काका, मी मुद्दामच फारसे वाचत नाही. दुसऱ्याची छाप पडते. मला माझे स्वतःचे लिहायचे आहे."

मला चटकन उत्तर देता आले नाही. कारण हेच वाक्य विशीत असताना मीही एका संपादकांना ऐकवले होते. त्यांनी माझी कथा परत केली आणि वर दोनच शब्द लिहिले, 'वाचन वाढवा.' महिनाभर मी त्यांच्यावर रुसलो होतो!

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याला म्हटले, "चल, किल्ल्यावर जाऊन येऊ." आमचे गाव आता अहिल्यानगर झाले असले, तरी आमच्या पिढीच्या तोंडी अजून नगरच येते. गावाच्या पूर्वेला, भिंगारच्या बाजूला हा भुईकोट. भोवती खंदक, आत लष्कराचा कारभार. 1942 च्या ऑगस्टमध्ये 'चले जाव'चा ठराव झाला आणि काँग्रेसचे पुढारी पकडून इथे आणण्यात आले. मौलाना आझाद, पंडित नेहरू, वल्लभभाई, गोविंद वल्लभ पंत, आचार्य नरेंद्र देव, आपले शंकरराव देव आणि आणखी काही, मिळून बारा जण. सुरुवातीचे काही आठवडे ना वर्तमानपत्र, ना पत्र, ना भेट. त्यांना कुठे ठेवले आहे हेही बाहेर कळू द्यायचे नव्हते.

आणि याच ओळीतल्या खोल्यांतून केवढे लेखन बाहेर पडले! नेहरूंनी 1944 च्या एप्रिल ते सप्टेंबर या पाच महिन्यांत 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' इथे लिहिले. हाताने लिहिलेली हजारेक पाने. पट्टाभी सीतारामय्या रोजनिशी लिहीत होते, हरेकृष्ण महताब ओरिसाचा इतिहास लिहीत होते, नरेंद्र देव 'अभिधर्मकोश' या बौद्ध ग्रंथावर काम करत बसले होते.

तरुण म्हणाला, "तुरुंगात दुसरे काम काय असणार?"

आक्षेप बरोबर होता. मोकळा वेळ मिळाला की लेखक होतो असे असते, तर निवृत्तीनंतर आम्ही सगळेच ग्रंथकार झालो असतो. पण वेळ पुष्कळ असला, तरी हाताशी ग्रंथालय नसले तर माणूस लिहितो कशाच्या आधारावर?

नेहरूंच्या बाबतीत याचे उत्तर त्यांच्या वह्यांत आहे. 1930 ते 1933 या काळात त्यांनी इंदिरेला जगाचा इतिहास सांगणारी 196 पत्रे लिहिली, तीही बहुतेक तुरुंगातूनच. वाचलेल्या पुस्तकांची टिपणे वह्यांत उतरवून ठेवायची सवय त्यांनी आधीच लावून घेतली होती आणि लिहायला बसल्यावर त्या वह्याच कामी आल्या, असे त्यांनी स्वतःच नमूद केले आहे. नगरला तर बरोबरचे कैदीच चालतेबोलते ग्रंथ होते. प्रस्तावनेत नेहरूंनी आझाद, पंत, नरेंद्र देव आणि असफ अली या चौघांचे ऋण मानले आहे. ते इथे बागकाम करत. खणता खणता जुन्या भिंती आणि घुमटांचे माथे हाती लागत, हा तपशील त्यांच्या पुस्तकात आला आहे आणि चांदबिबीही आली आहे. फावडे कुणीही चालवील. पण त्या दगडाला चांदबिबीपर्यंत नेऊन भिडवायला आधी ती वाचलेली असावी लागते.

आझादांची कथा याहून वेगळी, आणि मला जास्त लागणारी. ते आपले स्नेही हबीबुर्रहमान खान शेरवानी यांना पत्रे लिहीत होते. पत्रे टाकायची सोय नव्हती. लिहून ती तशीच ठेवायची. 1946 साली त्यांचेच 'गुबार-ए-खातिर' हे पुस्तक झाले. विषय तरी कोणते? चहा, संगीत, खोलीत घरटे करू पाहणाऱ्या चिमण्या! आधी त्या चिमण्यांशी युद्ध, मग मैत्री, मग त्यांचे नामकरणसुद्धा. आणि पानोपानी फारसी, अरबी, उर्दू शेर. लहानपणापासून जे वाचले, ते गरजेला पुढे येऊन उभे राहिले. (काहींना हे शेर जरा जास्तच वाटतात. मलाही एखाददुसऱ्या पानावर वाटले.)

1943 च्या एप्रिलमध्ये त्यांच्या पत्नी जुलेखा बेगम कलकत्त्याला वारल्या. त्या आजारी असताना भेटीसाठी सरकारकडे याचना करायला आझादांनी नकार दिला होता. बातमी कळल्यानंतर दोनच दिवसांनी लिहिलेले पत्र त्या पुस्तकात आहे. ते वाचताना एक जाणवते, या माणसाला आक्रोश करावा लागत नाही. थांबावे कुठे, हे त्याला ठाऊक आहे. कुठे थांबायचे हे मला तरी कुणी शिकवले नाही. दुसरे कसे थांबले ते पाहूनच जे काय आले ते आले.

परतताना तरुणाने आपला हुकमी पत्ता टाकला. "आणि लक्ष्मीबाई टिळक? त्या कुठे एवढे वाचत होत्या?"

मी मनात म्हटले, पोरगा हुशार आहे. लक्ष्मीबाई याच जिल्ह्यातल्या, राहुरीच्या आणि नगरच्या संसारातल्या. शाळा नाही, अक्षरओळख झाली ती लग्नानंतर. तरी 1934 पासून भागाभागांनी आलेल्या 'स्मृतिचित्रां'ची सर भल्याभल्या विद्वानांच्या गद्याला येत नाही. मात्र त्यांचे घर पाहा. नवरा कवी, आणि बालकवी ठोंबरे घरातच राहायला! कविता पानात वाढल्यासारखी रोज कानावर पडत होती. 1919 मध्ये टिळक गेले. त्यांचे 'ख्रिस्तायन' अपुरे राहिले होते. ते ओवीबद्ध काव्य पुढे या बाईंनी पुरे केले. ओवी कानात मुरलेली नसती, तर हे झाले असते का? डोळ्यांनी वाचतात तसे कानांनीही वाचतात.

आता माझी कबुली. मध्ये दहाएक वर्षे नोकरी आणि संसार यांच्या रगाड्यात माझे वाचन सुटले होते. लेख मात्र चालू होते. एकदा जुनी कात्रणे काढली, तर प्रत्येक लेखात तीच विशेषणे, तोच 'वस्तुतः', तोच शेवट! छाप पडेल म्हणून दुसऱ्यांना टाळले आणि माझ्यावर माझीच छाप पडत गेली. त्या रात्री मी शंभर पानी वही आणली. वाचताना आवडलेले वाक्य तीत उतरवू लागलो. हाताने उतरवताना वाक्य सावकाश जाते; क्रियापद कुठे ठेवले, एखादा शब्द का गाळला, हे बोटांना कळते. आज अशा अकरा वह्या झाल्या आहेत. बायको त्यांना 'तुमची रद्दी' म्हणते.

हे सगळे ऐकून तो तरुण काही बोलला नाही. माझ्याकडचे 'स्मृतिचित्रे' मात्र घेऊन गेला, आठ दिवसांच्या बोलीने. पंधरवडा उलटला. शेवटी भाऊबीजेच्या संध्याकाळी दारात उभा. हातात पुस्तक, पुस्तकात बसच्या तिकिटांच्या खुणा.

"काका, अजून आठ दिवस ठेवू का? आणि त्या कथेत दोन 'हतबल' खोडलेत."

"तिसरा?"

"तिसऱ्याला अजून शब्द सापडत नाही."