वाहतूक नियमभंग, चालकाची नोंद आणि मोटार विम्याचा हप्ता : कॅलिफोर्नियातील पद्धती

प्रस्तावना :
वाहतुकीचा नियम मोडल्याबद्दल दंड भरला की प्रकरण संपले, असा सर्वसाधारण समज असतो. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात मात्र दंडापेक्षा त्याचे परिणाम अधिक काळ टिकतात. नोकरीनिमित्त तेथे जाणाऱ्या मराठी कुटुंबांच्या दृष्टीनेही हा विषय महत्त्वाचा आहे. कारण भारतातील पद्धती त्याहून भिन्न आहे. प्रस्तुत लेखात दंड, नोंद व विमा हप्ता यांतील संबंध स्पष्ट केला आहे.

चालकाची नोंद :
कॅलिफोर्नियात न लढता दंड भरणे म्हणजे दोष मान्य करणे होय. न्यायालय ही दोषसिद्धी मोटार वाहन विभागास कळविते. अतिवेग, लाल दिवा ओलांडणे यांसारख्या नियमभंगास १ पॉइंट, तर मद्यपान करून वाहन चालविणे किंवा अपघातानंतर पळून जाणे यांस २ पॉइंट लागतात. चुकीच्या जागी वाहन उभे करण्यास पॉइंट लागत नाही. १ पॉइंटचा नियमभंग साधारणपणे ३९ महिने, तर मद्यपानाचा गुन्हा १० वर्षे नोंदीत राहतो. १२ महिन्यांत ४, २४ महिन्यांत ६ किंवा ३६ महिन्यांत ८ पॉइंट झाल्यास परवाना निलंबित होऊ शकतो.

विमा हप्त्यावरील परिणाम :
१९८८ मध्ये मतदारांनी संमत केलेल्या 'प्रस्ताव १०३' नुसार हप्ता ठरविताना चालकाची सुरक्षितताविषयक नोंद, वार्षिक प्रवासाचे अंतर व वाहन चालविण्याचा अनुभव या घटकांना याच क्रमाने महत्त्व द्यावे लागते. किमान तीन वर्षे परवानाधारक असलेल्या व त्या काळात एकाहून अधिक पॉइंट नसलेल्या पात्र चालकास किमान २० टक्के सवलत मिळते. म्हणजेच दुसरा पॉइंट लागताच ही सवलत गमवावी लागते, आणि हा भुर्दंड मूळ दंडाहून मोठा ठरू शकतो. किरकोळ नियमभंगाबाबत १८ महिन्यांतून एकदा वाहतूक प्रशिक्षण वर्ग पूर्ण केल्यास ती नोंद विमा कंपनीपासून गोपनीय राहते. त्यामुळे दंड भरण्यापूर्वी या पर्यायाचा विचार करणे हितावह असते.

भारतीय संदर्भ :
भारतात २०१९ च्या दुरुस्ती कायद्याने दंडाच्या रकमा वाढविल्या. परंतु खासगी मोटारीचा थर्ड पार्टी विमा हप्ता इंजिनाच्या क्षमतेवर ठरतो. 'नो क्लेम बोनस' २० टक्क्यांपासून ५० टक्क्यांपर्यंत वाढतो. मात्र तो दाव्यांवर अवलंबून असतो, ई-चलानांवर नव्हे. परिणामी वारंवार सिग्नल तोडणारा व नियम पाळणारा असे दोघेही थर्ड पार्टी विम्यासाठी सारखीच रक्कम भरतात. विमा नियामक प्राधिकरणाच्या कार्यगटाने २०२१ मध्ये नियमभंगाशी निगडित स्वतंत्र हप्ता सुचविला होता. त्यात मद्यपान करून वाहन चालविण्यास १००, तर चुकीच्या पार्किंगला १० गुण प्रस्तावित होते.

निष्कर्ष :
दंड हा घडलेल्या कृतीची किंमत वसूल करतो, तर नोंदीवर आधारित हप्ता पुढील वर्तनावर अंकुश ठेवतो. तथापि अशी पद्धती न्याय्य ठरण्यासाठी नोंद अचूक असणे, ती वाहनाच्या नव्हे तर चालकाच्या नावे असणे आणि चूक दुरुस्त करून घेण्याची सोय असणे आवश्यक आहे. कॅमेऱ्याद्वारे निघणारे ई-चलान वाहन क्रमांकावर आधारित असते. वाहन कोण चालवीत होते, हे त्यातून सिद्ध होतेच असे नाही. म्हणूनच हप्त्याची जोड देण्यापूर्वी नोंदीची विश्वासार्हता प्रस्थापित होणे अगत्याचे आहे.