शरीराची गंगाजळी

समजा, इंग्लंडमधल्या एका रुग्णालयात एकाच रात्री 78 वर्षांच्या दोन स्त्रिया दाखल झाल्या. दोघींचेही आतडे अडकले आहे आणि दोघींवरही तातडीने पोटाची शस्त्रक्रिया करावी लागणार आहे. पंधरा दिवसांपूर्वी पहिली रोज चालत बाजारात जात होती. दुसरीला आंघोळीलाही मदत लागत होती. वय तेच, आजार तोच. मग धोकाही तेवढाच का?

नाही, हे आपण अंदाजाने सांगू शकतो. पण असे का होते आणि हा फरक मोजता येतो का, ते पाहू.

संसारात अडीअडचणीसाठी आपण थोडी गंगाजळी राखून ठेवतो. शरीराचेही तसेच आहे. निरोगी तरुणाचे हृदय विश्रांतीच्या वेळी मिनिटाला सुमारे 5 लिटर रक्त ढकलते. जोराने पळताना तेच हृदय चौपट काम करू शकते. मूत्रपिंडे, फुप्फुसे आणि स्नायू यांच्याकडेही अशी जादा क्षमता असते. वयाबरोबर ती कमी होते, पण सर्वांची सारख्या वेगाने नाही. अनेक अवयवांची शिल्लक एकाच वेळी आटली, की लहानसा धक्काही माणसाला आडवा करतो. या अवस्थेला आपण क्षीणता म्हणू. क्षीणता म्हणजे म्हातारपण नव्हे, आणि एखादा ठरावीक रोगही नव्हे.

या गंगाजळीचा मोठा वाटा स्नायूंत असतो. जखम भरण्यासाठी आणि जंतूंशी लढण्यासाठी प्रथिने लागतात. आजारपणात खाणे तुटते, तेव्हा शरीर स्वतःचे स्नायू मोडून ती गरज भागवते. जोरात खोकून कफ बाहेर काढायलाही स्नायूच लागतात. ते दुबळे असतील तर शस्त्रक्रियेनंतर न्यूमोनियाचा धोका वाढतो. त्यातच अंथरुणावर पडून राहिल्याने स्नायू आणखी झिजतात. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात निरोगी वृद्ध स्वयंसेवकांना 10 दिवस अंथरुणात ठेवले होते. तेवढ्यात त्यांच्या पायांतील सुमारे 1 किलो स्नायूभार घटला!

ठरवून केलेल्या शस्त्रक्रियेआधी आहार, व्यायाम, रक्तशर्करा यांकडे लक्ष द्यायला काही आठवडे मिळतात. आतड्याला छिद्र पडले किंवा त्याचा रक्तपुरवठा तुटला, तर हाती फक्त काही तास असतात. शिवाय वृद्धांमध्ये ताप, पोट कडक होणे ही लक्षणे कधी कधी सौम्य असतात आणि निदानाला उशीर होतो.

क्षीणता मोजायची कशी? 2001 साली अमेरिकेत लिंडा फ्रीड व सहकाऱ्यांनी पाच खुणा सुचवल्या: नकळत घटलेले वजन, सततचा थकवा, मुठीची कमी पकड, मंद चाल आणि कमी हालचाल. यांपैकी तीन किंवा अधिक असतील तर ती व्यक्ती क्षीण. पण पोटदुखीने तळमळणाऱ्या रुग्णाला चालायला कसे सांगणार? येथे कॅनडातील केनेथ रॉकवुड व सहकाऱ्यांची 2005 सालची मोजपट्टी उपयोगी पडते. पूर्वी तिच्यात 7 पायऱ्या होत्या, आता 9 आहेत. रुग्णाचे आजचे रूप पाहून पायरी ठरवायची नसते. आजारापूर्वी, साधारण दोन आठवड्यांमागे, तो काय काय स्वतः करत होता हे विचारायचे असते. पैशांचे व्यवहार, औषधे, जड घरकाम यांत मदत लागत असेल तर पाचवी पायरी. आंघोळीलाही लागत असेल तर सहावी.

ब्रिटनमधील 49 रुग्णालयांत 2017 साली 65 वर्षे व त्यापुढील 937 रुग्णांची पाहणी झाली. सर्वांवर तातडीची पोटाची शस्त्रक्रिया झाली होती. त्यांपैकी सुमारे 20 टक्के क्षीण होते, आणि 90 दिवसांत एकंदर 19.5 टक्के रुग्ण दगावले. वय व लिंग यांचा परिणाम गणिताने वेगळा काढला, तरी पहिल्या पायरीच्या तुलनेत पाचव्या पायरीवर मृत्यूचे प्रमाण सुमारे तिप्पट आणि सहाव्या-सातव्या पायरीवर सहापट निघाले. (येथे ‘पट’ म्हणजे दगावलेले व वाचलेले यांच्या गुणोत्तरांची तुलना, सरळ टक्क्यांची नव्हे.)

मग क्षीण रुग्णावर शस्त्रक्रियाच करू नये का? तसे मुळीच नाही. क्षीण असूनही अनेकजण बरे होतात. पायरी कळली की वृद्धरोगतज्ज्ञाला लवकर बोलावता येते. रुग्णाला लवकर उठवून बसवणे, प्रथिनयुक्त आहार देणे, भ्रम होऊ नये म्हणून चष्मा व श्रवणयंत्र जवळ ठेवणे, हे वेळेवर करता येते. आणि धोका किती, रुग्णाला स्वतःला काय हवे आहे, हे शस्त्रक्रियेपूर्वीच मोकळेपणाने बोलता येते. अशा वेळी ‘आजी एरवी काय काय करायच्या?’ या प्रश्नाचे नेमके उत्तर घरच्यांनीच द्यायचे असते. ‘तशा बऱ्या होत्या’ एवढ्याने भागत नाही.

वर्गात करून पाहा: जमिनीवर 4 मीटर अंतर आखा आणि नेहमीच्या चालीने ते पार करायला किती सेकंद लागतात ते मोजा. वेग काढा. वेग सेकंदाला 0.8 मीटर किंवा त्याहून कमी असेल, तर वृद्धांमध्ये ती मंद चालीची खूण मानतात. विद्यार्थ्यांनी घरच्या आजी-आजोबांचाही वेग मोजावा, मात्र त्यांची इच्छा असेल तरच आणि शेजारी कुणीतरी चालत असतानाच. चाल मंद निघाली तर घाबरू नका, डॉक्टरांना सांगा. गंगाजळीत भर घालायची ती संकट येण्याआधीच.