छोट्या व्यवसायाची वेबसाइट: आधी उत्तरं, मग डिझाइन

घरात कुणी इंजिनिअरिंगला असेल, किंवा नुसतं कॉम्प्युटरवर बरं चालत असेल, तर नातेवाइकांकडून एक वाक्य कधी ना कधी येतंच: "आपल्या धंद्याची एक वेबसाइट बनवून दे ना!"

मग काय होतं? फुकटची थीम निवडली जाते. वर फिरता स्लायडर, त्यावर 'आमच्या वेबसाइटवर आपले स्वागत आहे', खाली '५००+ समाधानी ग्राहक' असा पळणारा आकडा आणि हसणाऱ्या परदेशी माणसांचे फोटो. साइट सुरू होते, घरच्या ग्रुपवर अंगठे पडतात. पण फोन काही वाजत नाही.

याचं कारण बहुतेक वेळा रंग किंवा फॉन्ट नसतो. ग्राहक डोक्यात एक प्रश्न घेऊन येतो आणि साइट त्याचं उत्तरच देत नाही. छोट्या व्यवसायाच्या वेबसाइटचं काम दुकानातल्या गल्ल्यावर बसलेल्या माणसासारखं असतं. विचारलेलं पटकन सांगायचं, खरं सांगायचं आणि पुढचं पाऊल सोपं करायचं. चांगल्या डिझाइनची बाकी सगळी तत्त्वं यातूनच निघतात.

समजायला सोपं जावं म्हणून एकच काल्पनिक उदाहरण घेऊ. दापोलीजवळ कर्द्याला तुमच्या आत्याचा ४ खोल्यांचा होमस्टे आहे. दिवाळी, नाताळ आणि मे महिना हीच काय ती कमाईची वेळ. त्या दिवसांत खोल्या रिकाम्या राहिल्या तर पूर्ण वर्षाचं गणित बिघडतं. आता आत्याची साइट बनवू. खानावळ, शिलाईकाम, क्लासेस किंवा मसाल्याचा व्यवसाय असला तरी नियम हेच.

१. लॅपटॉप उघडण्याआधी वही उघडा

आत्याला सांगा, आठवडाभर येणाऱ्या प्रत्येक फोनवर लोक काय विचारतात ते लिहून ठेव. यादी साधारण अशी निघेल: भाडं किती? समुद्र किती लांब? मासे मिळतात का? शाकाहारी जेवण वेगळं बनवता का? गाडी लावायला जागा आहे? एसटीने किंवा ट्रेनने कसं यायचं? लाइट गेली तर इन्व्हर्टर आहे? ड्रायव्हरची झोपायची सोय होईल?

हीच तुमच्या साइटची अनुक्रमणिका. जो प्रश्न जास्त वेळा आला, त्याचं उत्तर जास्त वर. पहिल्या स्क्रीनवर, म्हणजे बोटाने वर न सरकवता जे दिसतं तिथे, एवढं पुरेसं आहे:

- कर्दे, दापोली. समुद्रापासून चालत ५ मिनिटं
- ४ खोल्या, घरचं जेवण: शाकाहारी आणि मासे
- खोली ₹२,००० पासून, जेवण वेगळं
- दोन बटणं: 'कॉल करा' आणि 'व्हॉट्सअ‍ॅप करा'

इथे आत्या हमखास अडणार: "रेट नको टाकू, लोक रेट बघूनच पळतात." तिची भीती चुकीची नाही, पण उलट बाजूही बघा. रेट दिसत नाही तेव्हा पुष्कळ लोक विचारायचे कष्ट घेत नाहीत, थेट पुढच्या साइटवर जातात. सीझनप्रमाणे भाडं बदलत असेल तर 'पासून' लिहा किंवा दोन ओळींचा तक्ता द्या. ज्याच्या बजेटबाहेर आहे त्याचा फोन येणार नाही, आणि त्यात आत्याचाही वेळ वाचेल.

२. मोबाइल ही मुख्य साइट

तुम्ही साइट लॅपटॉपवर बनवता, पण गिऱ्हाईक ती मोबाइलवर बघतं. गूगलही शोध-निकालांसाठी साइटची मोबाइलवरची आवृत्ती वाचतं. याला मोबाइल-फर्स्ट इंडेक्सिंग म्हणतात. मोबाइलवर जे लपवलं, ते गूगलच्या दृष्टीनेही बाजूलाच पडण्याची शक्यता असते.

काही साध्या गोष्टी:

बटणाचा आकार. अँड्रॉइडच्या डिझाइन सूचनांमध्ये दाबायच्या जागेचं किमान माप ४८ डीपी दिलं आहे, म्हणजे बोटाचं टोक आरामात बसेल एवढं. दोन बटणं चिकटवू नका. 'कॉल'ऐवजी 'रद्द करा' दाबलं गेलं की माणूस वैतागतो.

फोन नंबर अक्षरात हवा, फोटोत नको. बऱ्याच साइटवर व्हिजिटिंग कार्डाचा फोटो टाकलेला असतो. त्यातला नंबर दाबता येत नाही, धड कॉपीही होत नाही. नंबरला कॉलची लिंक द्या, दाबला की डायलर उघडेल. व्हॉट्सअ‍ॅपची लिंक देताना नंबर ९१ ने सुरू करा, अधिकचं चिन्ह किंवा शून्य लावू नका. त्या लिंकमध्ये 'नमस्कार, मला खोलीची चौकशी करायची आहे. तारीख:' असा मेसेज आधीच भरून ठेवता येतो. ग्राहकाला फक्त तारीख लिहायची उरते.

उन्हात वाचता आलं पाहिजे. पांढऱ्यावर फिकट करडी अक्षरं लॅपटॉपवर छान दिसतात, पण दुपारी बसस्टॉपवर दिसतच नाहीत. वेबसाठीच्या सुलभतेच्या जागतिक नियमावलीत साध्या मजकुरासाठी अक्षर आणि पार्श्वभूमीच्या उजळपणाचं प्रमाण किमान ४.५ : १ सांगितलं आहे. हे तपासणारी फुकट टूल्स ऑनलाइन मिळतात. चाळिशी ओलांडलेल्या ग्राहकासाठी अक्षरही १६ पिक्सेलपेक्षा लहान ठेवू नका.

३. ताम्हिणी घाटात साइट उघडेल का?

पुण्याहून निघालेलं कुटुंब ताम्हिणीमार्गे येतंय, नेटवर्क एका काडीवर आलंय आणि त्यांना तुमचा पत्ता हवाय. साइटच्या वेगाची परीक्षा इथे होते. घरच्या वायफायवर सगळ्याच साइट पळतात.

गूगल वेगासाठी तीन मोजमापं वापरतं. पहिलं, पानावरचा सर्वात मोठा भाग २.५ सेकंदांत दिसला पाहिजे. दुसरं, बटण दाबल्यावर २०० मिलिसेकंदांच्या आत पानाने प्रतिसाद दिला पाहिजे. तिसरं, पान उघडताना मजकूर इकडेतिकडे सरकता कामा नये. तुम्ही बटणावर बोट टेकवता, तेवढ्यात वर एक फोटो लोड होतो, बटण खाली जातं आणि भलतंच काहीतरी दाबलं जातं. हे सरकणं मोजतात आणि त्याचा आकडा ०.१ पेक्षा जास्त नको.

छोट्या साइटवर पहिला गुन्हेगार जवळपास नेहमी फोटोच असतो. मोबाइलने काढलेला एक फोटो सहज ४ एमबीचा असतो. असे १० टाकले की झाले ४० एमबी! तेच फोटो १,२०० पिक्सेल रुंदीचे करून वेबपी फॉरमॅटमध्ये सेव्ह केले, तर बरेचसे १५०-२०० केबीत बसतात. म्हणजे पूर्ण पान २ एमबीच्या आसपास. गूगलचं स्क्वूश नावाचं फुकट टूल हे काम ब्राउझरमध्येच करतं. फोटोची रुंदी आणि उंची कोडमध्ये आधी लिहून ठेवली, तर ब्राउझर तेवढी जागा राखून ठेवतो आणि मजकूर सरकण्याचा त्रासही जातो.

दुसरा गुन्हेगार म्हणजे स्लायडर, आपोआप सुरू होणारा व्हिडिओ आणि डझनभर प्लगइन. प्रत्येकाला एकच प्रश्न विचारा: वहीतल्या कोणत्या प्रश्नाचं उत्तर हा देतो? कोणत्याच नाही? मग काढा. शेवटी पेजस्पीड इनसाइट्समध्ये साइटचा पत्ता टाकून निकाल बघा आणि घरातल्या सर्वात जुन्या मोबाइलवर वायफाय बंद करून एकदा साइट उघडा.

४. मराठी नीट दिसली पाहिजे

मराठी साइटवर काही अडचणी अशा येतात ज्या इंग्रजी ट्युटोरियलमध्ये कुणी सांगत नाही.

आत्याकडे जुनं पत्रक असेल, तर ते बहुधा डीटीपीवाल्याने युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये केलेलं असणार. त्यातला मजकूर कॉपी केला की साइटवर विचित्र चिन्हांची रांग उमटते. मग लोक पत्रकाचाच फोटो चिकटवतात. तसं करू नका. फोटोतली अक्षरं सर्च इंजिनला भरवशाने वाचता येत नाहीत आणि मोबाइलवर बारीकही दिसतात. मजकूर युनिकोडमध्ये पुन्हा टाइप करा. चार पानांचं काम आहे, एका संध्याकाळी होतं.

देवनागरीत वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार असतात, त्यामुळे दोन ओळींतलं अंतर इंग्रजीपेक्षा थोडं जास्त लागतं. आणि शीर्षकाला 'मॉडर्न' लूक देण्यासाठी अक्षरांमधलं अंतर वाढवू नका. इंग्रजीत ते चालतं, मराठीत शिरोरेषा तुटते आणि शब्द विस्कटतो. पानाच्या कोडमध्ये भाषा 'मराठी' अशी नोंदवायला विसरू नका. काही फॉन्टमध्ये 'ल' आणि 'श' ही अक्षरं मराठी आणि हिंदीसाठी वेगळ्या वळणाची असतात, योग्य वळण या नोंदीवरून निवडलं जातं.

मशीनच्या भाषांतरावर डोळे झाकून विश्वास नको. मेनूतल्या 'होम'चं 'घर' आणि 'बुक नाऊ'चं 'आता पुस्तक' झालं, तर होमस्टेच्या साइटवर पाहुणा चक्रावेल. आत्या फोनवर जशी बोलते तसं लिहा. 'आपल्या सेवेत सदैव तत्पर' यापेक्षा 'रात्री १० पर्यंत फोन केला तरी चालेल' हे जास्त कामाचं.

५. विश्वास दिसायला हवा

ऑनलाइन बुकिंगच्या नावाखाली फसवणूक होते हे आता सगळ्यांना माहीत आहे. अनोळखी माणसाला ₹१,००० आगाऊ पाठवताना कुणाचाही हात थबकतो. ही शंका घालवणं हेही डिझाइनचंच काम.

फोटो स्वतःचे टाका. खोलीबरोबर बाथरूमचा, अंगणाचा, रस्त्यावरून दिसणाऱ्या पाटीचाही टाका. पूर्ण पत्ता आणि नकाशावरची खूण द्या. आगाऊ रक्कम कोणाच्या नावावर जाईल ते लिहा, म्हणजे यूपीआयवर तेच नाव दिसल्यावर ग्राहक निश्चिंत होतो. बुकिंग रद्द केल्यास किती पैसे परत मिळतील हेही आधीच सांगा. व्यवसाय खाद्यपदार्थांचा असेल तर १४ अंकी एफएसएसएआय नंबर दाखवा.

'फक्त १ खोली शिल्लक!' असं खोटं लिहू नका. केंद्र सरकारने २०२३ मध्ये 'डार्क पॅटर्न'विरोधी मार्गदर्शक तत्त्वं आणली, त्यांत १३ प्रकार दिले आहेत आणि खोटी घाई हा त्यातलाच एक. चौकशीच्या फॉर्ममध्ये नाव, नंबर आणि तारीख पुरे. आधारचा फोटो कशाला? जी माहिती तुमच्याकडे नाही, ती गळतही नाही.

साइट एचटीटीपीएसवर हवी, नाहीतर ब्राउझर 'सुरक्षित नाही' असा इशारा देतो आणि पाहुणा तिथूनच परत फिरतो. त्यासाठी लागणारं प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्टकडून फुकट मिळतं.

६. किल्ल्या आत्याकडेच

हा मुद्दा डिझाइनच्या पुस्तकात सहसा नसतो, पण सर्वात महाग पडतो. डोमेन, म्हणजे साइटचं नाव, बनवणाऱ्याच्या ईमेलवर घेतलेलं असतं. वर्षभराने त्याचा नंबर बदलतो, नूतनीकरणाचे मेल त्याच्याकडेच पडून राहतात, मुदत संपते आणि साइट बंद. पाटीवर, बिलावर, रिक्षाच्या मागे छापलेला पत्ता कुठेच जात नाही. वेळ गेली तर तेच नाव दुसरा कुणीही विकत घेऊ शकतो.

म्हणून डोमेन आणि होस्टिंगचं खातं आत्याच्या ईमेलवर, आत्याच्या मोबाइल नंबरवर उघडा. गूगल बिझनेस प्रोफाइलचा मालकही आत्याच, तुम्ही फक्त मॅनेजर. हे प्रोफाइल फुकट असतं आणि नकाशावर शोधणाऱ्याला तेच आधी दिसतं, त्यामुळे साइटच्याही आधी ते नीट भरा. सगळे पासवर्ड घरच्या एका वहीत लिहून ती कपाटात ठेवा.

बाहेरच्या माणसाकडून साइट करून घेत असाल तर पैसे देण्याआधी एवढंच विचारा: "डोमेन कोणाच्या नावावर आहे?"

आणि हो, उद्या तुम्हाला बंगळुरूला नोकरी लागली तर मे महिन्याचे रेट कोण बदलणार? साइट अशी बनवा की घरातलं कुणीही मोबाइलवरून आकडा बदलू शकेल. जुने रेट दाखवणारी साइट भांडण लावते. १० पानं सांभाळण्यापेक्षा एकच पान, पण ताजं, हे केव्हाही बरं.

७. परीक्षा: मोबाइल द्या आणि गप्प बसा

साइट तयार झाली की ती कधीच न पाहिलेल्या माणसाच्या हातात मोबाइल द्या. तीन कामं सांगा: दोन रात्रींचा खर्च काढा, शाकाहारी जेवण मिळतं का ते शोधा आणि आत्याला मेसेज करा. मग मधे बोलू नका. "वर बघ, तिथे आहे की!" असं तोंडात आलं, की समजायचं तिथे डिझाइन कमी पडलंय.

वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी २००० साली मांडलं होतं की अशा चाचणीला ५ माणसंही पुरतात, बहुतेक मोठ्या अडचणी तेवढ्यात समोर येतात. आजी, शेजारचे काका, कॉलेजची मैत्रीण, किराणा दुकानदार आणि एखादा रिक्षावाला. झाले पाच!

तर सुरुवात थीम शोधण्यापासून नको. आजच ज्याच्यासाठी साइट बनवायची आहे त्याला फोन करा आणि विचारा, "लोक तुम्हाला सगळ्यात जास्त काय विचारतात?" जे उत्तर मिळेल, ती तुमच्या साइटची पहिली ओळ.